नाव काढलं

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं साधारणपणे निवृत्त असतात. त्यांच्याकडे सांगायला उभा जन्म असतो आणि ज्यांच्याबद्दल सांगायचं ती माणसं बहुतेक वारलेली असतात. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी अजून तिशीला पोचलेली नाही, नोकरी जेमतेम तीन वर्षं केली आणि ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते सगळे वर्ध्यातच आहेत, भाजी घ्यायला गेलं की दिसतात. म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. पिपरी मेघेच्या बाजूची एक इंग्रजी शाळा, एवढं पुरे. त्या बाजूला अशा बऱ्याच आहेत.

संपादकांनी विषय दिला, 'शाळा आपल्या परिसरातल्या गरजू कुटुंबांना कसा हात देऊ शकते.' मी म्हटलं, मी तेच काम करत होते, पण लेख गोड होणार नाही. ते म्हणाले, दिवाळीत गोड पुष्कळ असतं.

माझं शिक्षण वर्ध्यातल्याच एका कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोललं तर दंड नव्हता, पण नजर होती. त्यामुळे माझं मराठी थोडं घरात ऐकलेलं आणि बरंचसं मागाहून वाचून शिकलेलं आहे. एकोणसाठ म्हणजे नक्की किती, हे सांगायला मला आजही क्षणभर थांबावं लागतं. त्यात मी बोलते कमी. गॅदरिंग असलं की पडदा ओढायचं काम मी स्वतःहून मागून घ्यायचे. अशा मुलीनं लोकांत जाऊन काम करायची नोकरी का घेतली, असं आई विचारायची. खरं उत्तर असं, की जाहिरातीत 'इंग्लिश आवश्यक' एवढंच ठळक अक्षरात होतं.

नोकरीचं नाव कम्युनिटी कोऑर्डिनेटर. म्हणजे काय, ते सांगते. खासगी शाळांना काही जागा गरीब घरांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. सोडत होते. ज्याचं नाव निघेल त्याला आठवीपर्यंत फी नाही. स्टाफरूममध्ये त्यांना 'आरटीईवाली मुलं' म्हणत. ते एका कायद्याचं आखूड नाव आहे, पण म्हणणाऱ्याचा सूर ऐकला तर आजाराचं वाटावं. या मुलांची घरं आणि शाळा यांच्यामध्ये उभं राहायचं ही माझी नोकरी. शाळेचं म्हणणं घराला मराठीत सांगायचं आणि घराचं म्हणणं शाळेला इंग्रजीत. पहिलं काम रोज असायचं. दुसरं, कुणी विचारलं तर.

घरी जायची एक रीत असते, ती मला कुणी शिकवली नव्हती. आधी फोन करून गेलं की शेजारून खुर्ची यायची, दूध यायचं आणि माझ्यापुढे बिस्किटं ठेवून घरातली पोरं दारात उभी राहायची. न सांगता गेलं की बाई ओल्या केसांनी बाहेर येऊन आधी माझ्या पायांकडे पाहायची, चपला कुठे काढायला सांगू म्हणून. दोन्ही वेळा शाळेचं काम राहून जायचं. शाळेची पालकसभा शनिवारी अकराला. त्या वेळी या घरांतल्या बाया शेतात किंवा कुणाच्या तरी स्लॅबवर. सभेला न येणाऱ्या पालकांबद्दल इंग्रजीत एक शब्द आहे, त्याचा अर्थ होतो 'निष्काळजी'. तो मी रिपोर्टमध्ये टाइप करत असे.

मग मी टेम्पोवर जायला लागले. वेचणीच्या दिवसांत वस्तीच्या कोपऱ्यावर सकाळी टेम्पो येतो आणि बायांना कापूस वेचायला आसपासच्या गावांना घेऊन जातो. त्याची वाट बघत बाया डबे घेऊन बसलेल्या असतात. तिथे कुणाला खुर्ची आणावी लागत नाही.

"काय वो मॅडम, येता का आमच्या संगं वेचाले?" पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं.

"येते की," मी म्हटलं.

"बोटं पाहू?" तिनं माझा हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "अवं माय! या बोटाईनं तुमी पेनच धरा. बोंडाचं टोक लागलं तं इंग्लिशमदी रडसान."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या एका आठवड्यात मी जेवढ्या पालकांशी बोलले तेवढे आख्ख्या वर्षात सभेला आले नव्हते. हे मी प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रस्त्यावर? अगं, शाळेची इमेज काय राहील?"

मॅडम वाईट नव्हत्या. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण पुढे त्या वाईट दिसतील. त्या स्वतः खेड्यातल्या शाळेतून वर आलेल्या. एका मुलाला फळा दिसत नाही हे कळलं तेव्हा त्यांनी गुपचूप स्वतःच्या पर्समधून चष्मा करून दिला होता. गुपचूप केलेलं सगळं त्या चांगलं करत. अडचण उघड्यावर व्हायची, कारण उघड्यावर त्यांच्या वर संस्थेचे सचिव होते.

सचिवसरांना कार्यक्रम आवडत. 'मदतीचा हात' म्हणून एक उपक्रम होता. दर वर्षी दप्तरवाटप. मागे मोठा फ्लेक्स, पुढे सचिवसर, आणि मुलांनी एकेक करून दप्तर घ्यायचं. घेताना लगेच ओढून घ्यायचं नाही. फोटो निघेपर्यंत एक पट्टा सरांच्या हातात आणि एक मुलाच्या. याची आदल्या दिवशी तालीम व्हायची. मी घ्यायचे.

दप्तरांच्या चेन पोळ्यापर्यंत टिकत. फ्लेक्स मात्र टिके. कार्यक्रम संपला की आया स्टेजच्या मागे जमायच्या आणि विचारायच्या, "मावशी, औंदा कोणाले?" कुसुममावशी ही शाळेची शिपाई. फ्लेक्स कुणाला द्यायचा हे ती ठरवायची, आणि ज्याचं छप्पर सगळ्यात जास्त गळतं त्यालाच जायचा. एकदा एका बाईनं फुशारकीनं सांगितलं, "आमच्या घरात सचिवसर आडवे झोपून हाय, पन थेंब येऊ देत नाई." शाळेच्या मदतीचा खरा विभाग मावशीच चालवायची.

याच मावशीनं मला 'नाव काढणं' शिकवलं. माझं पहिलंच गॅदरिंग होतं. ऑफिसातल्या बाबूजींनी मॅडमचं भाषण मराठीत लिहून दिलं आणि टाइप करायला माझ्याकडे आलं. त्यात वाक्य होतं, 'या मुलांनी शाळेचं नाव काढलं.' मी कागद घेऊन बाबूजींकडे गेले.

"सर, इथे चूक आहे. मुलांनी शाळेचं नाव खोडलं, असा अर्थ होतो."

ऑफिस हसायला लागलं. बाबूजींनी चष्मा काढून डोळे पुसले. मावशी झाडू टेकवून उभी राहिली. "अवं बाई, नाव काढलं म्हंजे पोट्टं मोठं झालं. माय-बापाचं नाव रोशन केलं. तुमच्या कॉन्व्हेंटात कोणी काढलंच नाई का नाव?" त्यानंतर कित्येक दिवस मी दारातून आत आले की ती विचारायची, "काय बाई, आज कोणाचं नाव खोडलं?"

पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगला मॅडमनी माइकवर तेच वाक्य एका मुलीसाठी म्हटलं. समीक्षा, पाचवी. आंतरशालेय इंग्रजी निबंधात तिचा पहिला नंबर आला होता. "समीक्षानं आज शाळेचं नाव काढलं!" टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत एक बाई उठून उभी राहिली. आपल्या पोरीचं नाव पुकारलं म्हणजे आपणही उभं राहायचं असतं असं तिला वाटलं असावं. टाळ्या थांबल्यावरही ती उभी होती, आणि चेहऱ्यावरचं हसू तिला आवरत नव्हतं. ती वनिताताई.

वनिताताई त्याच टेम्पोतल्या. नवरा ट्रकवर, चंद्रपूरच्या पलीकडे कुठेतरी, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. माहेर हिंगणघाटच्या पुढे वडनेरला. त्या 'मी येतो, मी जातो' असं बोलत. इकडच्या पुष्कळ बाया तसंच बोलतात. मला ते आधी चुकीचं वाटायचं, मग आवडायला लागलं. समीक्षा सहावीत गेली त्या वर्षी, वेचणी सुरू व्हायच्या सुमाराला, त्या टेम्पोजवळ मला बाजूला घेऊन म्हणाल्या,

"मॅडम, एक इचारू? राग नका मानू. तीन वाजता शाळा सुटल्यावर पोरगी तिथंच बसली तं चालन का? कुठंबी. पायरीवर. मी अंधारते येतो."

"घरी थांबत नाही का?"

त्यांनी वस्तीकडे पाहिलं. "घराले आतून कडी लागत नाई."

मी मूर्खासारखं म्हटलं, "कडी बसवून देऊ की आपण. शाळेतर्फे."

"कडी बसवसान. पत्रा कोन बसवन?" त्या म्हणाल्या. "पत्र्याले एक लाथ मारली तं दार कायले पायजे? पोरगी मोठी झाली, मॅडम. गल्लीतले पत्ते खेळणारे आता तिचं नाव घेऊन बोलतेत." मग माझा चेहरा पाहून जरा हसल्या. "काई झालं नाई अजून. होऊ नये म्हून तं इचारून राह्यलो."

ही त्या कुटुंबाची गरज. दप्तर नाही, स्वेटर नाही. तीन ते अंधार पडेपर्यंत एक खोली, तिला आतून लागणारी कडी आणि जवळ एक मोठं माणूस. शाळेकडे तिन्ही गोष्टी होत्या.

मी मॅडमना विचारलं. गुपचूप विचारलं, म्हणून त्या हो म्हणाल्या. लायब्ररीची किल्ली मावशीकडे असायची. मावशीची एकच अट होती, "मले चहा पायजे, बस. घरी जाऊन तरी काय, सुनेचं तोंड पाहू?" पहिले काही दिवस आम्ही तिघीच होतो, समीक्षा, मावशी आणि मी. मग चौथीतल्या दोन बहिणी आल्या, मग त्यांची शेजारीण. वेचणी भरात आली तेव्हा लायब्ररीच्या दारात चपलांचा ढीग असायचा. समीक्षा लहानग्यांना इंग्रजी गोष्टी वाचून दाखवायची आणि अर्थ वऱ्हाडीत सांगायची. तिचा लांडगा म्हणायचा, "काऊन गं पोरी, कुठं चालली?" मी कपाटामागे उभी राहून ऐकायचे. समोर गेलं की ती लाजायची, आणि लाजणाऱ्या माणसाला कसं वाटतं ते मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट झाली, जी मी ठरवलेली नव्हती. टेम्पोवाला आता बायांना थेट शाळेच्या फाटकाशी उतरवायला लागला. केसांत कापसाचे तंतू अडकलेल्या बाया मुलांना न्यायला आत येत. शाळेनं बोलावल्याशिवाय, ओरडा खायला नव्हे, अशा त्या पहिल्यांदाच आत येत होत्या. पाच मिनिटं टेकत. कुणाचं रेशन बंद पडलं, कुणाच्या पोराला वर्गात कोण काय म्हणतं, कुणाच्या सासूला दिसत नाही, हे सगळं मला त्या पाच मिनिटांत कळलं. माझ्या पदाचं जे लांबलचक काम छापलं होतं, ते त्या उघड्या दारानं आपोआप केलं. संपादकांच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे. कुणाला यापेक्षा मोठं सुचत असेल तर आनंद आहे.

मग कुणीतरी फोटो काढला. फी भरणाऱ्या पालकांच्या ग्रुपवर तो आला. दारातल्या चपला, आणि आत मुलं चटईवर बसून चुरमुरे खाताहेत. खाली लिहिलं होतं, 'आपल्या फीमध्ये अंगणवाडीही चालते वाटतं.' दुसऱ्या संध्याकाळी सचिवसर स्वतः आले. आत आले नाहीत. दारातूनच चपला पाहिल्या आणि गेले.

सकाळी मॅडमनी बोलावलं.

"बंद करावं लागेल. उद्या काही झालं तर?"

"घरी काही झालं तर, मॅम?"

"ती शाळेची जबाबदारी नाही." हे त्या कठोरपणे म्हणाल्या नाहीत. थकून म्हणाल्या. मग जरा मऊ होऊन, "तू अजून लहान आहेस. असं कर ना, मुलींसाठी स्वेटरवाटप घे. थंडी येतेय. फोटोही चांगले येतील."

'काही झालं तर' हे मी तीन वर्षांत फार वेळा ऐकलं. त्याचा अर्थ मी असा लावला, की जे व्हायचं ते होऊ दे, फक्त कंपाउंडच्या आत होऊ नये.

मी सचिवसरांना पत्र दिलं. इंग्रजीत, अत्यंत सभ्य. उत्तर आलं नाही. मावशीनं किल्ली बाबूजींच्या टेबलावर आपटली आणि त्या दिवशी कुणालाच चहा दिला नाही.

आठवड्याभरात वनिताताईंनी समीक्षाला घेऊन वडनेर गाठलं. लपून नाही. टेम्पोजवळ मला सांगून. "भावाकडं राह्यतो. तिथंच वेचाले जातो, पोरगी भावजयीपाशी राह्यते. सीझन झाला का आणतो परत. मोठ्या मॅडमले सांगून ठेवजो." मी सांगून ठेवलं. मॅडमनी मोबाइलवर अंगठा पाठवला.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी. अशा मुलाचं नाव शाळेला आठवीपर्यंत काढता येत नाही. कायदा आहे. म्हणून पालकांनाच काढायला लावतात. 'माझ्या पाल्याला मी स्वखुशीनं शाळेतून काढत आहे, दाखला मिळावा' असा अर्ज इंग्रजीत छापून तयार असतो. पालकानं फक्त सही करायची. जानेवारीत नव्या वर्षाच्या वर्गांची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा बाबूजींना वरून सांगण्यात आलं की जे येत नाहीत त्यांचं पाहून घ्या. मला सांगण्यात आलं नाही. बाबूजींनी वनिताताईंना फोन लावला.

तो फोन कसा झाला ते वनिताताईंनी मला पुढे वडनेरला सांगितलं. त्या शेतात होत्या. शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालू होता. बाबूजी म्हणाले, "तुमच्या पोरीचं नाव काढलं शाळेनं, उद्या येऊन सही करून जा." त्यांना ऐकू आलं, "तुमच्या पोरीनं नाव काढलं शाळेचं." असं त्यांनी याआधी एकदा ऐकलं होतं. माइकवर, टाळ्यांमध्ये. आणि समीक्षानं जायच्या आधी आणखी एक निबंध दिला होता, त्याचा निकाल यायचा होता. त्यांनी तिथेच सगळ्या बायांना सांगितलं. बाया म्हणाल्या, रिकाम्या हातानं नको जाऊ, पेढे नेजो.

मी वर्गांचे तक्ते लावत होते. मावशी धावत आली. ती कधी धावत नाही.

"बाई, लवकर चाला ऑफिसात. वनिता आली, पेढे घेऊन."

"कसले पेढे?"

"नाव काढलं म्हून," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून मला त्याचे दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले.

ऑफिसात वनिताताई गॅदरिंगला नेसल्या होत्या तीच साडी नेसून उभ्या होत्या. शेजारी समीक्षा, धुतलेल्या युनिफॉर्ममध्ये, तेल लावून घट्ट वेण्या. टेबलावर हिंगणघाटच्या मिठाईवाल्याचा खोका उघडा होता. बाबूजींनी सवयीनं एक पेढा तोंडात टाकला होता आणि आता त्यांना तो गिळता येत नव्हता. त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी तोंड भरलेलं असतानाच अर्ज पुढे सरकवला आणि पेन दिलं. मॅडम आतल्या दारात आल्या होत्या.

"इथंच ना जी सही? बक्षिसाची?" वनिताताईंनी विचारलं.

कुणी हो म्हणालं नाही. कुणी नाहीही म्हणालं नाही.

मी समीक्षाकडे पाहिलं. ती कागद वाचत होती. तिला इंग्रजी आम्हीच शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, परत खाली घातली. एवढ्या लोकांत आईचं हसू कसं मोडायचं हे तिला कळत नसावं.

मला घाम फुटला की इंग्रजी येतं. "यू कान्ट डू धिस, मॅम," मी म्हणाले. ते फक्त मॅडमना आणि समीक्षाला कळलं. मग मराठीत सांगावं लागलं, आणि मराठीत मला एकच शब्द सापडला.

"ताई, सही करू नका. नाव काढलं म्हणजे... खोडलं. शाळेनं समीक्षाचं नाव खोडलं."

या वेळी कुणी हसलं नाही.

वनिताताईंनी पेन टेबलावर ठेवलं. समीक्षाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मी भराभर सांगत सुटले. तीन वर्षांत बोलले नसेन तेवढं. कायद्यानं नाव काढता येत नाही, सही केली नाही तर जागा राहते, तक्रार करता येते, मी येईन तुमच्याबरोबर, अर्ज मी लिहीन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मॅडमकडे वळल्या.

"मॅडम, सही नाई करत. नाव राहू द्या. मंग ते संध्याकाळचं, खोली उघडी ठेवसान का?"

मॅडम माझ्याकडे पाहत नव्हत्या. "ते आता शक्य नाही हो. वरून परवानगी नाही."

"पोरगी वर्गात पयली येते जी."

"हो. हुशारच आहे ती."

मला वाटलं वनिताताई रडतील, किंवा ओरडतील. मी दोन्हीसाठी तयार होते. त्या सरळ व्यवहाराचं बोलावं तशा बोलल्या.

"मंग या नावाचं मी काय करू? नाव इथं ठेवू, न पोरगी कुठं ठेवू?"

आणि त्यांनी सही केली. हळूहळू, प्रत्येक अक्षरावरची रेघ नीट ओढत. मग खोका उचलून मॅडमसमोर धरला.

"घ्या. आणले तं वाटतो. परत नेले तं बाया इचारतीन."

मॅडमनी पेढा घेतला. नाही म्हणायची हिंमत झाली नसावी. माझ्यासमोर आल्या तेव्हा मी घेतला नाही. हे बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. मावशीनं मात्र दोन घेतले, एक समीक्षाला भरवला आणि म्हणाली, "खाय. तुयेच पेढे हाय."

फाटकाशी मी त्यांना सोडायला गेले. वनिताताई म्हणाल्या, "वडनेरच्या शाळेत नाव टाकतो तिचं. पाहा ना मॅडम, इंग्लिश शाळेत नाव काढतेत, मराठी शाळेत नाव टाकतेत." त्यांना स्वतःलाच त्याचं हसू आलं. "वडनेरले येजो कधी."

फाटकावर फ्लेक्स होता. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे नवाकोरा. 'गरजूंना मदतीचा हात'. त्यात मधोमध समीक्षा होती. दप्तराचा एक पट्टा तिच्या हातात, एक सचिवसरांच्या. तालीम मीच घेतली होती. वनिताताईंनी तो पाहिला का, मला माहीत नाही. त्या खाली बघून चालत होत्या.

मी मॅडमना म्हटलं, तिचं नाव काढलंत, निदान फोटो काढा. त्या म्हणाल्या, "आता छापून झालाय गं. आणि तिचा फोटो किती छान आलाय."

तो महिनाभर तिथेच राहिला. मी रोज त्याच्या खालून आत जात होते. मग नवा फ्लेक्स आला, नवी मुलगी, तेच सर. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. धाडस वगैरे काही नव्हतं. नव्या दप्तरांची तालीम घ्यायची होती, ती मला घ्यायची नव्हती. शेवटच्या दिवशी मावशीनं जुन्या फ्लेक्सची गुंडाळी माझ्या हातात दिली.

"हे वनिताले नेऊन द्या. तिच्या भावाचं छप्पर गळते म्हने."

"मावशी, यात समीक्षाचा फोटो आहे."

"म्हूनच. दुसऱ्याच्या छपरावर कायले जाऊ द्यायची पोरगी?"

वडनेरला मी एसटीनं गेले. गुंडाळी मांडीवर मावत नव्हती, कंडक्टरनं विचारलं, "काय मॅडम, इलेक्शन लढता का?" भावाच्या घरी ओसरीत कापूस रचला होता आणि बाहेर आभाळ आलं होतं. समीक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकतीच आली होती. कशी आहे शाळा, मी विचारलं. "चांगली हाय," ती म्हणाली. "इंग्लिशच्या तासाले सर मलाच वाचाले लावते. त्याईले बरं वाटते." शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढे काय, हे मी वनिताताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाहू," आणि चहा टाकायला उठल्या. या 'पाहू'चा अर्थ मला मावशीनं शिकवायची गरज नव्हती.

चहा झाल्यावर त्यांनी अंगणात फ्लेक्स पसरला. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पहिल्यांदाच तो नीट पाहिला. सचिवसर, अक्षरं, दप्तर, पोरगी.

"कपडा चांगला हाय," त्या म्हणाल्या. "समीक्षा, विळा आण."

गुडघ्यावर बसून त्यांनी विळ्यानं कापायला सुरुवात केली. वेणीच्या कडेनं, खांद्यावरून, दप्तर धरलेल्या बोटांपर्यंत. बोटांपाशी थांबल्या, आणि दप्तराचा पट्टा सरांच्या बाजूला सोडून दिला.

"ताई, हे काय करताय?" मी विचारलं.

"नाव त्याईनं काढलं," त्या विळ्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "फोटो मी काढतो."

त्यांनी कापलेली पोरगी झटकली, घडी न घालता आत नेऊन भिंतीला टेकवली. उरलेला फ्लेक्स अंगणात पडला होता. सर हात पुढे करून उभे होते, आणि त्यांच्यासमोर मुलीच्या आकाराची जमीन दिसत होती.

समीक्षानं वर आभाळाकडे पाहिलं. "आई, आता भोक पडलं नं. छपरावर टाकला तं पानी गळन."

"गळू दे," वनिताताई म्हणाल्या.